तिघांत एक संगणक पुरे

शाळेतल्या तंत्रज्ञानाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मुलांमागे एक संगणक? दहांमागे एक म्हणजे मागे पडलेली शाळा, पाचांमागे एक म्हणजे बरी, प्रत्येकाच्या हातात एक म्हणजे प्रगत. संस्थाचालक हा आकडा माहितीपत्रकात छापतात, पालक प्रवेशाच्या वेळी तोच विचारतात आणि देणगीदारही त्याच आकड्यावर खूश होतात. माझं म्हणणं असं की मुलांनी तंत्रज्ञान नीट वापरायला आणि एकमेकांबरोबर काम करायला शिकावं असं खरोखर वाटत असेल, तर तीन मुलांत एक संगणक पुरेसा आहे. बऱ्याच कामांत तो प्रत्येकी एकापेक्षा चांगलाही ठरतो. वाचलेला पैसा शिक्षकांच्या तयारीच्या वेळावर खर्च व्हावा, कारण सहकार्य शिकवायचं तर कामाची आखणी करावी लागते आणि आखणीला वेळ लागतो.

नुसती यंत्रं वाटून काय होतं, हे पेरू देशात तपासून झालं आहे. तिथल्या सरकारने २००८ पासून ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलामागे एक लॅपटॉप देण्याची मोठी मोहीम राबवली. ३१९ शाळांची तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सव्वा वर्षाच्या वापरानंतर गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक दिसला नाही. सर्वसाधारण बौद्धिक चाचण्यांत थोडा फायदा दिसला, हेही सांगायला हवं. मुलांनी लॅपटॉप कपाटात ठेवले होते असं नाही. शाळेत आणि घरी त्यांचा वापर चांगलाच वाढला होता. पण मुलांना करायला दिलेलं काम जुनंच असेल, तर ते वहीऐवजी पडद्यावर केल्याने बदलत नाही.

आजच्या मुलांना हे सगळं उपजतच येतं, हा समजही असाच. आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक आणि माहिती साक्षरता मोजणारी ‘आयसीआयएलएस’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. २०१८ च्या फेरीत सर्वांत वरच्या पातळीला पोहोचलेली मुलं सरासरी २ टक्के होती, आणि सुमारे १८ टक्के मुलांना सर्वांत खालची पातळीही गाठता आली नाही. पडद्यावर बोट सराईतपणे फिरणं आणि समोरची माहिती खरी की खोटी हे पारखता येणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आता सहकार्याकडे वळू. बहुतेक शाळांत सहकार्य म्हणजे गट-प्रकल्प. शिक्षक पाच-सहा मुलांचा गट पाडतात, विषय देतात, पंधरा दिवसांची मुदत देतात, आणि शेवटी दहा स्लाइड्सचं सादरीकरण होतं. काम एक जण करतो, दुसरा चित्रं गोळा करतो, तिसऱ्याच्या घरी प्रिंटर असतो. उरलेल्यांची नावं पहिल्या स्लाइडवर असतात. गुण सगळ्यांना सारखे. याला आपण मुलांचा आळस म्हणतो आणि विषय संपवतो.

पण हा दोष मुलांचा नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. एकट्या माणसाची ओढ शंभर धरली, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाची ओढ निम्म्यावर आली. यात थोडा भाग ताळमेळ न जुळण्याचा होता. तो वेगळा काढण्यासाठी लटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन. सोबत इतर जण आहेत असं नुसतं सांगितलं, प्रत्यक्षात तो एकटाच ओरडत असला, तरी आवाज कमी व्हायचा. याच मंडळींचा १९८१ चा पुढचा प्रयोग शिक्षकांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे माणसाला माहीत असलं, की ही अंगचोरी नाहीशी झाली.

म्हणजे ‘एकीचं बळ’ या विषयावर भाषण देऊन उपयोग नाही. प्रत्येकाचा वाटा दिसला पाहिजे, आणि एकाच्या वाट्याशिवाय दुसऱ्याचं अडलं पाहिजे. या दोन अटी पाळल्या तर साधी माणसंही सहकार्य करतात. पाळल्या नाहीत तर हुशार, गुणी मुलंही लपायला शिकतात.

दुसरी अट कशी बसवायची, याचा एक चांगला नमुना १९७१ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्गात भांडणं चालली होती. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळायचा आणि तो इतरांना समजावून सांगणं ही त्याची जबाबदारी. बाकीच्यांना तो भाग कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे ज्याला आधी कोणी विचारत नव्हतं, त्याचं बोलणं ऐकणं सगळ्यांच्या गरजेचं झालं.

ही पद्धत ३६ मुलांच्या वर्गात अशी बसते. तिघांचे बारा गट हे मूळ गट. धड्याचे किंवा कामाचे तीन भाग, प्रत्येक भाग एका पानावर, दहा मिनिटांत वाचून होईल इतकाच. एकाच भागाची बारा मुलं होतात. त्यांना एकत्र बसवलं तर दोघंच बोलतात, म्हणून त्यांचे चार-चारांचे तीन अभ्यासगट करायचे. अभ्यासगटाने पंधरा मिनिटांत दोन गोष्टी ठरवायच्या: हा भाग दुसऱ्याला सांगताना आधी काय सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला कळलं की नाही हे कोणत्या प्रश्नाने तपासायचं. मग मुलं मूळ गटात परततात. इथे हमखास एक चूक होते. पानं मुलांच्या हातातच राहतात, मग समजावून सांगण्याऐवजी ती एकमेकांची पानं वाचतात किंवा चक्क फोटो काढून घेतात. पानं आधी परत घ्यावीत. कोणी गैरहजर असला तर त्याचा भाग शिक्षकाने सांगू नये. दुसऱ्या गटातला त्याच भागाचा मुलगा पाच मिनिटांसाठी उसना आणावा. आणि एखाद्या अभ्यासगटाने भागच चुकीचा समजून घेतला, तर ती चूक तीन-चार मूळ गटांत पसरते. म्हणून त्या पंधरा मिनिटांत शिक्षकाने खुर्चीवर न बसता प्रत्येक अभ्यासगटाचा तपासणीचा प्रश्न ऐकून घ्यायचा.

आता यंत्र. तिघांत एक संगणक ठेवला आणि बाकी काही सांगितलं नाही, तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको: ज्याच्या घरी संगणक आहे तो कीबोर्ड घेणार, दुसरा डोकावणार, तिसरा खिडकीबाहेर बघणार. इथे सॉफ्टवेअरच्या धंद्यातली जोडीने प्रोग्राम लिहिण्याची रीत उपयोगी पडते. दोन माणसं, एक कीबोर्ड. एक लिहितो, दुसरा पुढची दिशा बघतो आणि चुका पकडतो. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात जोडीने काम करणाऱ्यांना मिळून सुमारे १५ टक्के वेळ जास्त लागला, पण त्यांच्या प्रोग्राममध्ये चुका सुमारे १५ टक्के कमी निघाल्या. शाळेत मला तिघं बरे वाटतात, कारण एक गैरहजर असला तरी जोडी उरते. चौघं नकोत. लॅपटॉपच्या पडद्यासमोर तीन खुर्च्या बसतात, चौथ्याला अक्षरं दिसत नाहीत, आणि ज्याला दिसत नाही तो पाच मिनिटांत कामाबाहेर जातो.

तिघांची तीन कामं. लिहिणारा, सांगणारा, तपासणारा. नियम एकच आणि तो कडक: लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही, ठरवणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. लिहिणाऱ्याला वेगळं सुचलं तर ते त्याने बोलून दाखवायचं आणि सांगणाऱ्याने होकार दिला तरच करायचं. तपासणाऱ्याकडे कागद असतो. त्यावर तो आकडे ताडून बघतो आणि शंका लिहितो. दर आठ मिनिटांनी पाळी बदलते. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी खुर्च्या बदलायच्या, नाहीतर ‘एवढं संपवतो’ म्हणत पाळी वीस मिनिटं लांबते. फक्त कीबोर्ड सरकवून भागत नाही. पडद्यासमोरच्या खुर्चीत जो बसतो तोच मनाने मालक राहतो, म्हणून माणसांनी उठून जागा बदलायची.

सांगणाऱ्याचं काम सर्वांत अवघड असतं आणि सहकार्याचं सगळं शिक्षण तिथेच होतं. ‘अरे ते तिकडे, ते घे ना, हां, ते नाही’ यावर काम पुढे सरकत नाही. ‘तिसऱ्या रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून खाली’ असं बोलावं लागतं. हाताने करून दाखवण्याची सोय काढून घेतली की भाषा नेमकी होऊ लागते. पहिल्या दोन-तीन वेळा वेग फार मंदावतो, जलद टाइप करणारी मुलं वैतागतात. त्यांचा वैताग खरा आहे, पण तेवढ्यासाठी नियम सैल करू नये.

शिक्षकासाठीही एक नियम हवा: माउसला हात लावायचा नाही. अडलेल्या गटाजवळ जाऊन दोन क्लिकमध्ये दुरुस्ती करून देण्याचा मोह अनावर असतो, विशेषतः तास संपत आला असताना. तसं केलं की वर्गाला कळतं, अडलं की हात वर करायचा. त्यापेक्षा तपासणाऱ्याला विचारावं, ‘शेवटचं बरोबर चाललेलं कधी होतं, आणि त्यानंतर काय बदललं?’ बिघाड शोधण्याची तीच रीत कारखान्यात आणि कार्यालयातही चालते.

एक काम जवळून पाहू. विषय विज्ञानाचा: विसावलेल्या स्थितीतली नाडी आणि जागच्या जागी दोन मिनिटं उड्या मारल्यानंतरची नाडी. ३६ मुलं, बारा लॅपटॉप, सगळ्या वर्गाची मिळून एकच सामायिक स्प्रेडशीट, म्हणजे सगळ्यांना भरता येणारा संगणकावरचा तक्ता. ज्यांना तब्येतीमुळे उड्या मारता येत नाहीत त्यांनी वेळ मोजायचा. शीटमध्ये नावं लिहायची नाहीत, क्रमांक लिहायचे, कारण कोणाची नाडी किती ही त्याची खासगी बाब आहे. मुलांना ‘डेटा’ शिकवताना हा धडा पहिल्याच दिवशी व्हावा.

नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणली तर मोजण्यातला एका ठोक्याचा घोळ चारचा होतो. ३० सेकंद मोजून दोनने गुणलं तर तो दोनचाच राहतो. पण उड्यांनंतर नाडी भरभर उतरते, त्यामुळे ३० सेकंद मोजेपर्यंत मोजायची ती गोष्टच बदललेली असते. मग कोणती पद्धत घ्यायची? हा निर्णय सगळ्या वर्गाने मिळून घ्यावा लागतो, कारण अर्ध्या गटांनी एक आणि उरलेल्यांनी दुसरी पद्धत वापरली तर शीट निकामी. सहकार्याचा अर्थ इथे मुलांना न सांगता कळतो: आधी मोजमापाची रीत ठरवायची आणि ठरल्यावर ती सर्वांनी पाळायची.

मग आकडे भरायला सुरुवात होते आणि शीट बिघडू लागते. कोणी ‘७२’ लिहितं, कोणी ‘७२ ठोके’. दिसायला दोन्ही सारखंच, पण एकक जोडलेला आकडा संगणकाच्या लेखी मजकूर असतो आणि सरासरीचं सूत्र मजकूर गुपचूप वगळतं. ३६ पैकी नऊ जणांनी ‘ठोके’ लिहिलं तर सरासरी २७ जणांची येते. चुकीचा इशारा वगैरे काही येत नाही, एक सुबक आकडा मिळतो. ओळखायची सोपी खूण अशी की खान्याची मांडणी बदललेली नसेल तर आकडा उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला. पक्की तपासणी करायची तर ‘काउंट’ हे सूत्र फक्त आकडे मोजतं आणि ‘काउंटए’ भरलेले सगळे खाने मोजतं. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. ही तपासणाऱ्याची जबाबदारी.

दुसरी चूक गुणायला विसरण्याची. एका गटाने एका मुलाचे १५ सेकंदांचे १८ ठोके तसेच लिहिले. उरलेल्या ३५ जणांची सरासरी ७६ असेल, तर या एका चुकीने ती ७४.४ होते. फरक इतका किरकोळ की कोणाला संशयही येणार नाही. आलेख काढला की मात्र तो ठिपका एकटा खाली पडलेला दिसतो. सरासरीच्या आधी आलेख काढायचा, हे पाठ्यपुस्तकात वाचून विसरणारी मुलं असा एक ठिपका स्वतः शोधल्यावर विसरत नाहीत. वर्ग चालू असताना खान्यांना ‘४० ते २२०’ अशी मर्यादा लावता येते, पण पहिल्या वेळी लावू नये. आधी शीट बिघडू द्यावी, मग मर्यादा कशासाठी असते ते विचारावं.

तिसरी चूक सर्वांत नाट्यमय. कोणीतरी उत्साहाने नाडीचा एकच रकाना निवडतो आणि त्याचा चढता क्रम लावतो. बाजूचे क्रमांक जागच्या जागी, आकडे मात्र हलले. आता कोणाचा आकडा कोणता ते कळत नाही, आणि बारा गट एकाच वेळी आरडाओरडा करतात. इथे प्रत्येक जण ‘अनडू’ दाबायला धावतो आणि गोंधळ वाढतो, कारण अनडू सहसा आपलेच बदल मागे घेतो, दुसऱ्याचे नाही. उपाय म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत जाऊन क्रम लावण्याआधीची आवृत्ती परत आणणं. त्यासाठी आकडे भरून झाल्यावर, पुढचं काम सुरू करण्याआधी, त्या आवृत्तीला नाव देऊन ठेवायचं. आणि ज्याला क्रम लावून बघायचा आहे त्याने स्वतःची प्रत काढायची.

हे शाळकरी घोळ वाटतात, पण मोठ्यांचेही असेच असतात. एक्सेल हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर काही जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकत असे. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’ झालं. सॉफ्टवेअर बदलत नाही म्हणून विज्ञानाने माघार घेतली. त्याआधी २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातला स्वाध्याय म्हणून राइनहार्ट आणि रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांचा २०१० चा शोधनिबंध पुन्हा करून पाहिला. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या त्या निबंधाचे आकडे जुळेनात, म्हणून त्याने लेखकांकडूनच त्यांची स्प्रेडशीट मागवली. सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी, म्हणजे पाच देश, सुटले होते. निबंधावर इतरही आक्षेप होते आणि तेच जास्त वजनाचे ठरले, पण सुटलेल्या ओळी सापडल्या त्या दुसऱ्या कोणी फाइल उघडून बघितल्यामुळे. शाळेतल्या तपासणाऱ्याला हा प्रसंग जरूर सांगावा. आपलं काम हलकं आहे असं त्याला मग वाटत नाही.

गुणांचा प्रश्न यानंतर येतो, आणि बहुतेक प्रयोग इथेच आपटतात. काम गटाने केलं आणि गुणही फक्त गटाला दिले, की रिंगेलमानचा दोर परत आला. फक्त एकेकट्याला गुण दिले, तर शेजाऱ्याला शिकवण्यात कोणाला रस उरत नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांनी वर्गातल्या गटकामाच्या अनेक अभ्यासांवरून हेच मांडलं की गटाचं उद्दिष्ट आणि प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी दोन्ही एकत्र असतील तेव्हा शिकणं वाढतं. मी २० गुणांची विभागणी अशी करेन. ६ गुण तयार झालेल्या कामाला, सगळ्या गटाला सारखे. ६ गुण तोंडी उत्तराला: गटातल्या एकाचं नाव ऐन वेळी चिठ्ठीने काढायचं, त्याच्या उत्तराचे गुण तिघांना. ८ गुण दहा मिनिटांच्या लेखी प्रश्नाला, ज्याचे त्याला. तोंडीला गटामागे तीन मिनिटं धरली तर बारा गटांची ३६ मिनिटं होतात, म्हणजे एका तासिकेत बसतं.

मधल्या सहा गुणांवर पालकांची तक्रार येईल: दुसऱ्याच्या उत्तरावर आमच्या मुलाचे गुण का? तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण नियम आधीपासून माहीत असतो, चिठ्ठी कोणाचीही निघू शकते, आणि तिघांनीही तयार राहायचं तर एकमेकांची उजळणी घेण्यावाचून गत्यंतर नसतं. ही विभागणी काढून टाकली तर गट उरतो, सहकार्य उरत नाही. गुण सहाऐवजी चार करा हवं तर, शून्य करू नका.

सामायिक फाइलच्या इतिहासात कोणी काय लिहिलं ते दिसतं, म्हणून काही शिक्षक त्यावरच गुण देऊ लागतात. तसं करू नये. इतिहासात बोटं दिसतात, विचार दिसत नाही. आपल्या पद्धतीत तर लिहिणारा दुसऱ्याचंच लिहीत असतो. त्याचा उपयोग वेगळा आहे: तीन परिच्छेद एका सेकंदात उमटले असतील तर ते कुठून तरी आणून चिकटवले आहेत हे कळतं, मग विचारता येतं. त्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन मात्र स्वतंत्र हवं. सगळ्या वर्गाला एकच पासवर्ड दिला की इतिहासात सगळं एकाच्याच नावावर दिसतं. बऱ्याच सेवांची वयाची किमान अट १३ वर्षांची असते, त्यामुळे लहान मुलांसाठी शाळेने चालवलेली खातीच वापरावीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तयार प्रकल्प पाहून मुलाला काय येतं हे ठरवण्यात तसाही अर्थ उरलेला नाही. दहा स्लाइड्स आता कोणाहीकडून मिनिटभरात होतात. बंदी घालून हे थांबत नाही. पण चिठ्ठीने नाव निघाल्यावर ‘हा ठिपका तुम्ही का वगळला?’ या प्रश्नाला यंत्र उत्तर देऊ शकत नाही, कारण तो ठिपका वर्गातच सापडला होता. तेच यंत्र चौथा सदस्य म्हणून जरूर वापरावं. गटाने आपला निष्कर्ष त्याला द्यावा, आक्षेप मागावेत आणि कोणता आक्षेप का फेटाळला ते तपासणाऱ्याने कागदावर लिहावं.

विजेचं आणि इंटरनेटचं गणितही तिघांत एकाच्याच बाजूने आहे. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा धरला तर बारा लॅपटॉप एकदम चार्जिंगला लावल्यावर ७८० वॉट, ३६ लावले तर २,३४० वॉट. दुसरा भार एकाच एक्स्टेंशन बोर्डावर टाकणं धोक्याचं आहे. २० मेगाबाइटचा व्हिडिओ बारा यंत्रांनी उघडला तर २४० मेगाबाइट, छत्तिसांनी उघडला तर ७२०, आणि तोही सगळ्यांना त्याच मिनिटाला हवा असतो. लागणाऱ्या फाइल आदल्या दिवशी यंत्रांवर उतरवून ठेवल्या तर निम्मे तास वाचतात. मोठ्या सुटीत बॅटरी शून्यावर ठेवून कपाट बंद करू नये, पार उतरलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज न होण्याची भीती असते. निम्मी भरून, यंत्र पूर्ण बंद करून ठेवावी.

सर्वांत जड आक्षेप वेळेचा. ४० मिनिटांची तासिका धरा. यंत्रं आणणं, सुरू करणं, लॉगिन, विसरलेले पासवर्ड यांत आठ-दहा मिनिटं जातात, परत ठेवण्यात पाच. उरलेल्या पंचवीस मिनिटांत आठ-आठ मिनिटांच्या तीन पाळ्या जेमतेम बसतात, विचार करायला काही उरत नाही. म्हणून आठवड्यातून एक तासिका देण्याऐवजी पंधरवड्यातून सलग दोन द्याव्यात. एकूण वेळ तेवढाच, उपयोगाचा वेळ मात्र पन्नासऐवजी पासष्ट मिनिटं होतो. वेळापत्रक करणाऱ्यांना हे त्रासाचं जातं हे खरं, तरी पैसा न लागणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही. आणि असं एक काम आखायला शिक्षकाला दोन-तीन तास लागतात. ते कुठून येणार याचं उत्तर शाळेने दिलं नाही, तर शिक्षक स्लाइड्सच मागणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

हुशार मुलांचं नुकसान होतं, हा आक्षेप मला तितका पटत नाही. समजावून सांगताना स्वतःच्या समजुतीतली भोकं दिसतात. पण त्याच मुलाने दर वेळी शिकवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं झालं तर आक्षेप खरा ठरतो, आणि तेव्हा दोष पाळी न बदलण्याचा असतो. अगदी एकट्याने करायची कामंही आहेत: टाइपिंगचा सराव, पहिला मसुदा, कठीण गणिताशी झुंज. ती तिघांत कोंबू नयेत. त्यासाठी बारा लॅपटॉप आळीपाळीने पुरतात.

पाळ्यांची नोंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. २०१५ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची मिळून प्रश्न सोडवण्याची क्षमता मोजली होती, आणि सहभागी झालेल्या प्रत्येक देशात मुली मुलांच्या पुढे होत्या. वर्गात मात्र तिघांच्या गटात दोन मुलगे आणि एक मुलगी असली, की कीबोर्ड मुलांकडे आणि सुवाच्य अक्षर, शीर्षकाचे रंग मुलीकडे, अशी वाटणी कोणी न सांगता होऊन जाते. गजर वाजूनही ती होते, कारण मुलगी आपली पाळी ‘तूच कर’ म्हणून सोडून देते. तपासणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक पाळीला कोण कुठल्या खुर्चीत होतं हे तीन अक्षरांत लिहून घ्यावं. तीन-चार कामांनंतर ते कागद शेजारी शेजारी ठेवले की कोणाच्या वाट्याला कीबोर्ड आलाच नाही ते लगेच दिसतं. पुढच्या कामात पहिली पाळी त्या मुलीची, आणि ती सोडून देता येणार नाही असा नियम.